हेम्पची शेती आणि कायदा : बी घेण्याआधी एवढे वाचा



आडसाली लागणीच्या आधी आपल्या गटवार बैठका झाल्या. त्यातल्या एका बैठकीत दोन सभासदांनी लागोपाठ दोन प्रश्न विचारले. पहिल्यांनी तागाच्या बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी आणली होती. तिच्यावर 'सन हेम्प' असे छापलेले होते. ते म्हणाले, "साहेब, पोरगं सांगतंय हेम्प म्हणजे गांजा. मग हे रानात गाडायला चालतंय का, का पोलीस येतील?" बैठकीत हशा पिकला. तो ओसरेपर्यंत दुसऱ्या सभासदांनी खिशातून एक रंगीत पत्रक काढले. हेम्पची करार शेती, मालाची हमखास खरेदी, 'कायद्याने मान्य' आणि बियाण्यासाठी एकरी आगाऊ रक्कम, असा त्यातला मजकूर. त्यांनी विचारले, "हे तरी मग तागातलंच ना?" या वेळी कोणी हसले नाही. कारण त्याच गावातले तिघे-चौघे आगाऊ रक्कम भरायच्या तयारीत होते.

त्या दिवशी आम्ही तोंडी उत्तर दिले. परंतु पुढे दुसऱ्या दोन गटांतूनही हीच विचारणा आली, तेव्हा सर्व सभासदांसाठी हा विषय सविस्तर लिहावा असे ठरले. थोडक्यात उत्तर असे : ताग खुशाल पेरा, अंबाडी खुशाल लावा. पत्रकातले हेम्प मात्र महाराष्ट्रात आज शेतात लावता येत नाही. का, ते खाली दिले आहे.

एक नाव, निरनिराळी झाडे

हेम्प हा इंग्रजी शब्द फार सैल आहे. ज्या झाडाच्या सालीपासून दोर वळता येतो, त्या बऱ्याच झाडांना इंग्रजांनी हेम्प म्हणून टाकले.

पहिला आपला ताग, म्हणजे बोरू. याला ते सन हेम्प म्हणतात. हे शेंगवर्गातले, हरभरा-तुरीच्या भाऊबंदांपैकी पीक आहे. पान लांबट, साधे. फूल पिवळे धमक. वाळलेली शेंग हलवली तर खुळखुळा वाजतो. मुळांवर नत्राच्या गाठी धरतात. (गोणपाटाचा बंगाली ताग निराळा. त्याचा येथे संबंध नाही.)

दुसरी अंबाडी. हिला इंग्रजीत डेक्कन हेम्प, बॉम्बे हेम्प अशी नावे पडली. ही भेंडीच्या कुळातली. फूल फिकट पिवळे आणि मध्ये गडद तांबडा डोळा. हिच्या पानांची आंबट भाजी आपण सगळे खातो. हिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' असा शब्द आहे, त्याचा अर्थ भांगेसारखी. काही जातींचे पान हाताच्या बोटांसारखे फाटलेले असते, म्हणून तसे नाव पडले. अंबाडी लांबून बघून कोणी घाबरले तर तो त्याचा दोष नाही. जवळ जाऊन पान चावून बघितले की आंबट लागते आणि शंका मिटते.

तिसरे खरे हेम्प, म्हणजे 'कॅनाबिस'. आपण ज्याला भांगेचे किंवा गांजाचे झाड म्हणतो ते. पान पंजासारखे, पाच, सात किंवा नऊ पात्या, प्रत्येक पाती देठापर्यंत सुटी आणि कडेला करवतीसारखे दाते. फूल डोळ्यांत भरत नाही, हिरवेच असते. शेंड्याला चिकटपणा आणि उग्र वास असतो. नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे.

आता मुख्य मुद्दा. धागा देणारे हेम्प आणि नशा देणारा गांजा या दोन जाती असल्या तरी झाड एकच आहे. जसा खायचा ऊस निराळा आणि गाळपाचा ऊस निराळा, पण शेवटी दोन्ही ऊसच. सगळा घोटाळा येथूनच सुरू होतो, आणि कायद्याचा पेचही येथेच आहे.

कायदा कसा आला

या झाडावर सरकारची नजर आजची नाही. इंग्रजांच्या काळात १८९३-९४ साली या प्रश्नावर सात जणांचा आयोग नेमला गेला होता. त्याने देशभर फिरून १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्या काळी मध्य प्रांतात खांडव्याकडे, बंगालमध्ये नौगावला आणि मुंबई इलाख्यात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात परवान्याने गांजा पिकत असे. संपूर्ण बंदी गरजेची नाही. परवाना, कर आणि देखरेख ठेवावी, असे आयोगाचे मत पडले. पुढे बराच काळ या मालाकडे अबकारी खात्याच्या उत्पन्नाची बाब म्हणूनच पाहिले गेले.

१९६१ साली अंमली द्रव्यांबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात गांजा-चरसावर कडक बंधने आली. परंतु केवळ धागा आणि बी यांसाठी होणारी लागवड त्या करारातून वगळलेली आहे. भारताने १९८५ साली आपला कायदा केला. त्याचे लांबलचक नाव 'गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५'. बोलण्यात त्याला एन.डी.पी.एस. म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू आहे. आपल्याला काम आहे ते याच कायद्याशी.

कायदा झाडाचे भाग कसे पाडतो

एन.डी.पी.एस. कायदा एकाच झाडाच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळा न्याय लावतो. हे नीट लक्षात घ्यावे.

१. शेंडा : फुलावर किंवा फळावर आलेला शेंडा म्हणजे गांजा. बंदी.

२. राळ : झाडाचा चीक काढून केलेली चरस. बंदी.

३. पान : शेंड्यापासून सुटे असलेले पान आणि बी ही या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पान म्हणजेच भांग. म्हणून भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. उत्तर प्रदेश आणि राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने आहेत, ती यामुळेच. आपल्याकडे मात्र १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे, आणि त्याखाली भांग बाळगायला, विकायला परवाना लागतो. आसवनी असलेल्या कारखान्याची मळी ज्या राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या देखरेखीखाली असते, त्याच खात्याचा हा विषय. तेव्हा 'पानाला बंदी नाही' हे ऐकीव वाक्य महाराष्ट्रात अर्धेच खरे आहे.

४. बी : खाण्यासाठीचे बी, त्याचे तेल आणि पीठ यांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली. बियात नशेचा अंश, म्हणजे टी.एच.सी., किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हेम्पच्या बियांच्या पुड्या दिसतात, त्या या नियमाखाली.

५. उभे झाड : याला मात्र सवलत नाही. 'कॅनाबिस' या वंशाचे कोणतेही झाड लावायला कायद्याच्या आठव्या कलमाने मनाई आहे. औषधी आणि शास्त्रीय कामासाठी, नियमाप्रमाणे मिळालेल्या परवानगीने केलेली लागवड एवढाच त्याला अपवाद.

चौथा आणि पाचवा मुद्दा एकत्र वाचावा. दुकानातले बी विकत घेऊन खाणे कायदेशीर आहे. तेच बी 'उगवतंय का बघू' म्हणून परसात टाकणे ही लागवड आहे. लागवडीला २० व्या कलमाखाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पकडलेल्या मालाचे वजन कमी भरले तर शिक्षा कमी, हा हिशेब गांजा बाळगण्याच्या गुन्ह्याला लागतो. लागवडीच्या गुन्ह्याला तसा 'थोडकेच होते' हा बचाव कायद्याने ठेवलेला नाही. हौसेने किंवा चेष्टेनेही हा प्रयोग कोणी करू नये.

०.३ टक्क्याची रेघ

पत्रकात लिहिलेले असते की, आमच्या बियाण्यात टी.एच.सी. ०.३ टक्क्याच्या आत आहे, म्हणून ते गांजा नव्हे, म्हणून कायदेशीर आहे. ऐकायला हे पटते. ही रेघ कुठून आली ते बघा.

१९७६ साली स्मॉल आणि क्रॉनक्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांचे वर्गीकरण करताना सोयीसाठी ०.३ टक्क्याची सीमा धरली. पुढे कॅनडा, अमेरिका वगैरे देशांनी ती कायद्यात घेतली. युरोपातही २०२३ पासून अनुदानपात्र हेम्पची मर्यादा ०.३ टक्के आहे. पण आपला १९८५ चा कायदा टक्केवारी बोलत नाही. त्यात 'कॅनाबिस वंशाचे कोणतेही झाड' एवढेच शब्द आहेत. टी.एच.सी. ०.३ असो, ३ असो की १३ असो, उभे झाड हे झाडच.

मग भारतात ही रेघ लागू होते केव्हा? कायद्याच्या दहाव्या कलमाने या लागवडीला परवानगी देण्याचे व तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार राज्य सरकारला दिले आहेत. चौदाव्या कलमाने केवळ धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी किंवा बागकामासाठी सरकारला आदेश काढून लागवडीची मुभा देता येते. राज्याने असा आदेश काढला, नियम केले, त्यात ०.३ ची अट घातली, आणि त्या नियमाखाली तुमच्या नावाचा आणि तुमच्या गटनंबरचा परवाना निघाला, तरच ती रेघ तुमच्या उपयोगाची. महाराष्ट्रात शेतकऱ्याने अर्ज करावा आणि हेम्प लावावे असा परवान्याचा मार्ग आज नाही. दुसऱ्या राज्याचा परवाना दाखवून येथे लागवड करता येत नाही.

परवाना असला तरी ही रेघ सांभाळणे सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. आपण उसाची पक्वता पाहायला ब्रिक्स घेतो. ऊस पिकत जातो तसा ब्रिक्स चढतो आणि आपल्याला आनंद होतो. हेम्पमध्ये मादी फूल पिकत जाते तसे टी.एच.सी. चढते, आणि येथे चढणे म्हणजे नुकसान. अमेरिकेत काढणीच्या आधीच्या ३० दिवसांत सरकारी पद्धतीने शेंड्याचा नमुना घेतात. मर्यादा ओलांडली तर ते पीक हेम्प म्हणून विकता येत नाही. ते नष्ट करावे लागते किंवा कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने निकालात काढावे लागते. खत घातले, पाणी दिले, मजुरी दिली आणि शेवटी पीक मातीत, असा हा मामला होऊ शकतो.

इतर ठिकाणचा अनुभव

देशात या बाबतीत पुढाकार उत्तराखंडने घेतला. तेथे कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात हे झाड रानोमाळ उगवते. त्याच्या बियांची चटणी तिथल्या घरोघरी खातात, सालीचे दोर आणि जाडेभरडे कापड पूर्वापार होत आले. राज्याने नियम करून २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला पहिला परवाना दिला. टी.एच.सी. ०.३ टक्क्याच्या आत असले पाहिजे ही त्यातली अट.

हिमाचल प्रदेशात कुलू भागात या धाग्याच्या 'पूला' नावाच्या चपला होतात. तेथे सरकारने २०२३ मध्ये महसूल मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सप्टेंबर २०२४ मध्ये विधानसभेने तिचा अहवाल स्वीकारला. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूरचे कृषी विद्यापीठ आणि नौणीचे उद्यानविद्या विद्यापीठ यांच्याकडे प्रायोगिक अभ्यास सोपवला. जम्मूच्या केंद्रीय संशोधन संस्थेतही औषधी उपयोगासाठी परवानगीने संरक्षित जागेत लागवड झाली आहे. म्हणजे जेथे झाड पिढ्यान्‌पिढ्या माहितीचे आहे, तेथेही सरकारे आधी समिती, मग विद्यापीठ, मग शेतकरी या क्रमाने चालली आहेत. पत्रकवाला मात्र थेट शेतकऱ्यापासून सुरुवात करतो आणि पैसेही त्याच्याकडूनच आधी घेतो.

अमेरिकेची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. तेथे २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्याच्या आतले हेम्प मोकळे केले. शेतकऱ्यांनी सी.बी.डी. तेलाच्या आशेने भरमसाट लागवड केली. माल उदंड झाला, भाव कोसळले. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२१ मध्ये सुमारे ५४ हजार एकरांवर लागवड आणि ८२ कोटी ४० लाख डॉलरचा माल होता. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, लागवड सुमारे २८ हजार एकर आणि माल २३ कोटी ८० लाख डॉलरवर आला. पुढे २०२४ पर्यंत काहीसे सावरले. तोच नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील संसदेने हेम्पची व्याख्या पुन्हा आवळली आणि अंमलासाठी एक वर्षाची मुदत ठेवली. ज्या पिकाचे भवितव्य दर काही वर्षांनी कायद्याच्या एका ओळीवर ठरते, त्यात आपण कर्ज काढून उतरावे का, याचा विचार ज्याने त्याने करावा.

गाळप कुठे?

समजा, उद्या महाराष्ट्र सरकारने परवानगी दिली. तरी दोन प्रश्न राहतात.

पहिला पिकाचा. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालते. दिवस लहान झाला की फुलावर येते. युरोपातल्या धाग्याच्या जाती तिथल्या उन्हाळ्यातल्या १६ तासांच्या दिवसाला सरावलेल्या आहेत. आपल्याकडे सर्वांत मोठा दिवसही सुमारे १३ तासांचा. त्या जाती येथे लावल्या तर झाड गुडघा-मांडीएवढे होऊन फुलावर यायचा संभव मोठा, आणि मग धागा कसला निघणार? आपल्या हवामानात टिकणारी, कमी नशेची, खात्रीची जात आधी विद्यापीठांनी तपासून द्यायला हवी. केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय धोरणातही आधी अशा जातींचे संशोधन आणि चाचण्या, मग निर्णय, असाच क्रम सांगितला आहे.

दुसरा प्रश्न कारखान्याचा. हेम्पचा कडबा हलका आणि जागा खाणारा असतो. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. तो कुजवायचा, साल सोडवायची, धागा काढायचा, याला यंत्रसामग्री जवळ लागते. लांब न्यायचा तर वाहतुकीतच भाव संपतो. ही गोष्ट ऊस उत्पादकाला वेगळी सांगायला नको. १९५० साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, त्याच्या मागे हाच विचार होता की, माल पिकवणाऱ्याच्या हातात गाळप असले पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांनी शेअरचे पैसे भरताना 'ऊस कुठे घालायचा?' हा प्रश्न आधी विचारला, लागण नंतर केली. हेम्पच्या पत्रकाला तोच प्रश्न विचारा. धागा कोण काढणार, कुठे, आणि दर लिहून देणार का? उसाच्या दराबद्दल आपल्या कितीही तक्रारी असोत, त्याला एफ.आर.पी.चा कायद्याचा आधार तरी आहे. हेम्पला तसा ठरलेला दर नाही.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, शेतमालाला भाव मिळत नाही म्हणून गांजा लावायची परवानगी द्या, असा अर्ज केल्याची बातमी गाजली होती. त्यामागची चीड आम्हाला समजते. परंतु चिडून केलेला अर्ज वेगळा आणि आगाऊ रक्कम भरून घेतलेले बी वेगळे.

उसाच्या फडात झाड आढळले तर

आता सर्वांत काळजीचा भाग. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात मधोमध काय आहे ते बांधावरून दिसत नाही. याचा फायदा घेऊन उसात गांजाची झाडे लावल्याची प्रकरणे आपल्या भागातल्या जिल्ह्यांत वारंवार बातम्यांत येतात. आमच्या पाहणीतली एक हकिकत सांगतो. गावाचे नाव देत नाही.

एका वयस्क सभासदांनी रान वाट्याने दिले होते. स्वतः ते मुलाकडे शहरात राहत. तोडणीच्या आधी पक्वता पाहायला आमचा शेती मदतनीस फडात शिरला, तर आत एका ठिकाणी ऊस मोडून जागा केलेली आणि तेथे अकरा झाडे. त्याने बाहेर येऊन आम्हाला कळवले. आम्ही सभासदांना बोलावून घेतले. ते आले तेव्हा त्यांचे हात कापत होते. पहिले वाक्य त्यांनी बोलले ते असे : "उपटून जाळून टाकू, कुणाला कळणार नाही." आम्ही त्यांना बसवले, पाणी दिले आणि तसे करू दिले नाही. पोलीस पाटलांना घेऊन ते स्वतः ठाण्यात गेले आणि वर्दी दिली. पंचनामा झाला. चौकशीसाठी त्यांना पाच-सहा हेलपाटे पडले, उसाची तोड महिनाभर लांबली, खोडव्याचे गणित बिघडले. पण ते वर्दी देणारे म्हणून गेले. दुसऱ्या कोणाच्या खबरीवरून छापा पडला असता तर ते कोणत्या बाजूला उभे राहिले असते, हे सांगायला नको.

याचे कारण कायद्यात आहे. ४६ व्या कलमाप्रमाणे आपल्या जमिनीत असे झाड बेकायदा लावलेले असेल तर जमीनधारकाने ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित खात्याला कळवले पाहिजे. जाणूनबुजून कळवले नाही तर तो स्वतंत्र गुन्हा होतो. ४७ व्या कलमाने सरपंच, पंच आणि गावकामगार यांच्यावरही तेच बंधन आहे. ५४ व्या कलमाप्रमाणे, ज्याने जमीन कसली त्या जमिनीवर उभ्या झाडाचा समाधानकारक खुलासा त्याला करता आला नाही, तर न्यायालय त्याच्याविरुद्ध गृहीत धरू शकते. आणि २५ व्या कलमाने, माहीत असून आपली जागा या कामाला वापरू देणाऱ्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे.

म्हणून सभासदांना आमच्या सूचना :

१. रान वाट्याने किंवा खंडाने दिले असेल तर महिन्यातून एकदा स्वतः फडात शिरून या. बांधावरून बघून परत फिरू नका.

२. वाट्याचा करार कागदावर करा. कोण कसतो, केव्हापासून, हे त्यात असू द्या.

३. संशयाचे झाड दिसले तर हात लावू नका, उपटून बांधावर टाकू नका, घरी तर मुळीच आणू नका. पोलीस पाटील आणि पोलीस ठाणे यांना लगेच कळवा. वर्दीची पोच घ्या.

४. झाड अंबाडीचे की भांगेचे याचा उलगडा होत नसेल तर गट कार्यालयात सांगा. आमचा माणूस येऊन बघेल.

५. तोडणी टोळीला फडात असे काही दिसले तर मुकादमाने तोड थांबवून मालकाला सांगावे, ही सूचना टोळ्यांनाही दिली आहे.

मग ताग?

ज्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्यांच्या तागाकडे परत येऊ. तागाला कोणताही परवाना नाही, कसलीही नोंद नाही. उसाच्या लागणीआधी एकरी २० ते २५ किलो बी पेरावे. ४५ ते ५० दिवसांनी, फुले धरायच्या बेतात असताना, झाड कोवळे असतानाच नांगराने गाडावे. फुलावर येऊन दांडा टणक झाला की कुजायला वेळ लागतो आणि फायदा कमी होतो. आडसाली उसात सऱ्यांच्या मधल्या जागेतही ताग घेऊन बाळबांधणीच्या वेळी गाडता येतो. वर्षानुवर्षे उसावर ऊस घेऊन ज्यांची जमीन चोपण झाली आहे, सेंद्रिय कर्ब खाली गेला आहे, त्यांना याचा फरक दोन हंगामांत दिसतो. पिशवीवर सन हेम्प लिहिले म्हणून हे खत सोडू नका.

पत्रकवाल्याला विचारायचे प्रश्न

हेम्पच्या नावाने कोणी दारात आला तर त्याला चहा द्या आणि एवढे विचारा : महाराष्ट्र शासनाचा कोणता आदेश? त्याचा क्रमांक आणि तारीख काय? परवाना माझ्या नावाने आणि माझ्या गटनंबराने निघणार का? बियाण्याची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेची? टी.एच.सी. वर गेले तर नुकसान कोण सोसणार? माल कुठल्या कारखान्यात जाणार? त्याने कागद दिले तर ते गट कार्यालयात आणा, आम्ही वाचून सांगू. कागद नसतील तर आगाऊ रक्कमही नाही.

उद्या शासनाने रीतसर धोरण आणले, विद्यापीठाने आपल्या भागासाठी जात दिली आणि जवळ प्रक्रिया उभी राहिली, तर ती माहिती याच पानावर आम्ही प्रथम देऊ. तोपर्यंत सातबाऱ्यावर आपले नाव आहे, आणि फडात काय उभे आहे त्याचे उत्तर त्या नावाला द्यावे लागते, हे विसरू नये.

ज्या तिघा-चौघांचा सुरुवातीला उल्लेख केला, त्यांनी पैसे भरले नाहीत. त्यातल्या दोघांनी यंदा ताग गाडला आहे. त्यांचे रान बघायला पुढच्या शिवारफेरीत सर्वांनी यावे.

— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग